माय लंडनला आली तेव्हा

वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी शिष्यवृत्ती मिळवून परदेशी शिकायला निघाली की चौकात फलक लागतो, विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात. विमानतळावर निरोप द्यायला गाड्या भरून माणसे जातात. हे सारे योग्यच आहे. पण त्या फलकावरच्या फोटोखाली ज्यांची नावे बारीक अक्षरात असतात, त्या आईबापांचे पुढे काय होते? ज्यांनी रोजंदारी करून, झाडू मारून, दुसऱ्याच्या शेतात राबून त्या मुलाला तिथवर पोहोचवले, त्यांना तो देश, ते विद्यापीठ, ती खोली कधी डोळ्यांनी पाहायला मिळते काय? हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला जात नाही. आम्हाला तो विचारावासा वाटतो, कारण बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याचे उत्तर आम्ही स्वतः शोधले आहे आणि ते शोधताना आमची चूकही आम्हाला सापडली आहे.

बोधिसत्व बाबासाहेबांच्या चरित्रातली एक तारीख आपण वाचतो आणि पुढे जातो. सुभेदार रामजी सकपाळ यांचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. म्हणजे अवघ्या पाच महिन्यांचे अंतर! मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून आणणाऱ्या त्या बापाला कोलंबिया विद्यापीठाची पायरी दिसली नाही. आई भीमाबाई तर बाबासाहेब लहान असतानाच गेल्या होत्या. त्या काळी परिस्थितीच तशी होती. पण आज विमान आहे, व्हिसा आहे, शिष्यवृत्त्या आहेत. तरीही आमच्या किती आईबापांच्या वाट्याला रामजीबाबांपेक्षा वेगळे काही येते?

आम्ही २०१२-१३ मध्ये एल.एल.एम. करण्यासाठी लंडनला होतो. काही वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करून, तिशी ओलांडल्यावर, शिष्यवृत्तीवर गेलो होतो. आमची माय नगरपालिकेची निवृत्त सफाई कामगार. वडील आधीच गेलेले. ती अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बहिणीकडे राहत होती. जायच्या आधी ती एवढेच म्हणाली होती, "बाबू, बाबासायबाचं घर दिसलं त मले फोन करजो." हे वाक्य आम्हाला तिथे स्वस्थ बसू देईना. शिष्यवृत्तीतून वाचवलेले आणि बहिणीने भिशीतून काढलेले पैसे मिळून तिकिटाची सोय झाली.

खरी परीक्षा होती कागदपत्रांची. विद्यार्थ्याच्या आईबापांना 'अवलंबित' म्हणून ब्रिटनला नेता येत नाही. पती-पत्नी आणि मुलांना नेण्याची सवलत होती, तीही १ जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी काढून घेण्यात आली. आईबापांसाठी एकच दार आहे, ते म्हणजे पाहुण्याचा व्हिसा. तो साधारण सहा महिन्यांपर्यंतचा असतो. त्यात अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. खर्च कोण करणार? आणि हा माणूस नक्की परत जाणार काय? दुसऱ्या प्रश्नाला श्रीमंतांकडे तयार उत्तर असते. शेती, बंगला, दुकान, मुदतठेवी. आमच्या मायकडे सात-बारा नव्हता. तिच्या सात पिढ्यांकडे नव्हता! जमीन नसणे हा आमच्या समाजाचा इतिहास आहे आणि तोच इतिहास व्हिसाच्या अर्जात 'परत येण्याचे कारण नाही' असा वाचला जाण्याचा धोका असतो.

मग आम्ही वकिलासारखे कामाला लागलो. मायचे पेन्शनचे पासबुक, ज्यात दर महिन्याला न चुकता रक्कम जमा झालेली दिसते, तो आमचा पहिला पुरावा. बहिणीच्या घराची करपावती आणि माय तिथेच राहते असे शपथपत्र हा दुसरा. नातवंडांच्या शाळेचे दाखले आणि विहार समितीचे पत्र हा तिसरा. आमच्या विद्यापीठाचे पत्र, शिष्यवृत्तीचा आदेश, राहण्याची व्यवस्था आणि खर्च आम्ही करू असे हमीपत्र जोडले. तीस वर्षे झाडू मारून मिळवलेले पेन्शन हाच मायचा सात-बारा ठरला. बोटांचे ठसे द्यायला ती मुंबईला गेली तेव्हा ठसेच उमटेनात. झाडूच्या दांड्याने आणि फिनाईलने बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. हात धुऊन, पुसून, चार-पाच वेळा दाबून शेवटी ते उमटले. व्हिसा मिळाला.

एप्रिल २०१३ च्या पहिल्या आठवड्यात माय एकटी विमानात बसली. इंग्रजी न येणाऱ्या, पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या वयस्कर माणसासाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मदत मागता येते, त्यामुळे विमानतळावरची सगळी रांग आणि तपासणी कर्मचारी पार पाडून देतो. आम्ही ती मागितली होती. मायने साफ नाकारली. "माहे पाय धड हायेत. गाडीवर काहून बसू?" तिच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत आमचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहून अडकवला होता. त्या कागदाच्या जोरावर ती बाहेर आली. पिशवीत काय होते? पापड! बाबासाहेब लंडनला शिकत असताना पापड खाऊन रात्री काढत, हे तिने विहारातल्या व्याख्यानात ऐकले होते. आपल्या पोराचीही तीच गत असणार असे समजून तिने उडदाचे पापड लाटून आणले होते. तूप मात्र आम्ही आणू दिले नाही, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत.

आमच्या वसतिगृहात पाहुण्याला दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त ठेवता येत नव्हते. हॉटेलचा विचारही शक्य नव्हता. केंद्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता अनेक वर्षे वर्षाला ९,९०० पौंड राहिला, म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. लंडनमध्ये खोलीचे भाडे दिल्यावर त्यातून काय उरते ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. अशा वेळी धावून आले ते पश्चिम लंडनमधले एक पंजाबी आंबेडकरी कुटुंब. ते गृहस्थ तरुणपणी तिथे कारखान्यात कामाला गेलेले. ब्रिटनमध्ये बाबासाहेबांचा विचार रुजवण्यात वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम अशा शहरांतल्या या पंजाबी कामगारांचा मोठा वाटा आहे, हे महाराष्ट्रातल्या आपल्या लोकांना फारसे माहीत नसते. त्यांच्या घरी माय राहिली. तिला पंजाबी येत नव्हती, त्या घरच्या आजीला मराठी येत नव्हती. दोघींमध्ये सामाईक शब्द दोनच, 'जय भीम'! त्या दोन शब्दांवर त्यांनी स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले आणि १४ एप्रिलची जयंती एकत्र साजरी केली.

आता आमच्या चुकीकडे येतो. एका मराठी कुटुंबाने आम्हाला आईसह जेवायला बोलावले. सुशिक्षित, सुस्वभावी माणसे. जाताना बसमध्ये आम्ही मायला म्हणालो, "माय, तिथं आपलं जास्त काही सांगू नको. निवृत्त आहे एवढंच सांग. आणि गेल्या गेल्या जय भीम नको, नमस्कार म्हण." माय खिडकीबाहेर पाहत राहिली. दोन थांबे गेल्यावर तिने विचारले, "काहून रे बाबू? जय भीम म्हणाची इथंबी चोरी हाये काय?"

वाचकहो, आम्ही त्या वेळी काय उत्तर दिले असेल? 'तसे नाही ग' असे काहीतरी पुटपुटलो. ज्यांनी कोर्टात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्यादींना 'न घाबरता सांगा' असे शंभर वेळा समजावले, त्या आम्ही आमच्या जन्मदात्या आईला तोंड बंद ठेवायला सांगत होतो! आणि कशासाठी? एका जेवणासाठी, एका ओळखीसाठी, परक्या देशात आपल्याला कुणी वेगळे काढू नये या भीतीसाठी.

जेवताना घरच्या बाईंनी सहज विचारले, "तुमचं कुलदैवत कोणतं हो?" आम्ही मान खाली घातली. मायने हात धुतल्यासारखे सरळ सांगून टाकले, "आमी बौद्ध हावोत. म्या नगरपालिकेत झाडू मारत होती, आता पेन्शन हाये. हा माहा पोरगा वकील हाये." क्षणभर चमचे थांबले. कुणीही वावगा शब्द बोलले नाही. मायच्या ताटात पोळीही वाढली गेली. फक्त बोलणे थंडीकडे आणि बसच्या वेळापत्रकाकडे वळले आणि त्या घरचे दुसरे आमंत्रण कधी आले नाही. परतीच्या बसमध्ये माय निवांत होती. झोप आम्हाला आली नाही. आडनाव, गाव, कुलदैवत हे तीन प्रश्न पासपोर्टशिवाय सातासमुद्रापार जातात. ते विचारणाऱ्यांची लाज आम्हाला नाही वाटली, त्यांना घाबरणाऱ्या आमची वाटली.

योगायोग असा, की त्याच महिन्यात ब्रिटिश संसदेत जातीवर चर्चा चालू होती. २५ एप्रिल २०१३ रोजी एका कायद्याला राजमान्यता मिळाली आणि समता कायदा, २०१० मध्ये जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर आले. त्याच दिवशी दुसऱ्याही एका कायद्याला राजमान्यता मिळाली आणि त्यातल्या तरतुदीने, नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचा व्हिसा नाकारला गेल्यास अपील करण्याचा जो पूर्ण अधिकार होता, तो २५ जून २०१३ पासून काढून घेतला गेला. एका हाताने आमच्या माणसांसाठी दार किलकिले झाले आणि त्याच दिवशी दुसऱ्या हाताने आमच्या आईबापांचे दार घट्ट झाले! पुढे पहिले दारही अर्धेच राहिले. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सरकारने कायद्यात जात हा शब्द घालणार नाही असे जाहीर केले आणि न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवली. त्यात तिर्की विरुद्ध चांडोक हा २०१४ चा निकाल महत्त्वाचा आहे. बिहारमधून घरकामासाठी नेलेल्या आदिवासी महिलेच्या त्या प्रकरणात जात ही वांशिक मूळ या संज्ञेत येऊ शकते असे अपिलीय न्यायाधिकरणाने मान्य केले. ज्यांना वाटते की विमानात बसले की जात खाली राहते, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आमच्या परीक्षा मे महिन्यात होत्या. आम्ही दिवसभर ग्रंथालयात आणि माय एकटी. हीही एक चूक. माणूस बोलावून त्याला खोलीत कोंडून ठेवणे याला पाहुणचार म्हणत नाहीत. पण माय कोंडून राहणारी नव्हती. एके दिवशी ती एकटीच बाहेर पडली आणि कोपऱ्यावर रस्ता झाडणाऱ्या माणसाशेजारी उभी राहिली. त्याचा चमकदार जॅकेट, जाड हातमोजे, बूट, चाकांची गाडी, लांब दांड्याचा झाडू, सगळे तिने निरखून पाहिले. मग त्याचा झाडू मागून घेऊन थोडा रस्ता झाडूनही दाखवला! तो हसला, त्याने तिला कागदी कपात चहा आणून दिला. संध्याकाळी तिने आम्हाला विचारले, "त्याची जात कोणती?" आम्ही सांगितले की तिथे या कामाला जात नाही. तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मंग त्याचा पोरगाबी झाडूच मारन काय?"

या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्याजवळ नव्हते. लंडनची सफाई करणारे हात बहुतांशी बाहेरून आलेल्यांचे, काळ्या-सावळ्या कातडीचे आहेत, हे आम्ही रोज पाहत होतो. तोही देश स्वर्ग नाही. पण त्याचे काम त्याच्या जन्माला चिकटलेले नव्हते आणि त्याच्या हातात हातमोजे होते. त्याच २०१३ साली भारताच्या संसदेने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध नवा कायदा केला. तरी आजही गटारात उतरून गुदमरून मरणारी माणसे कोणत्या वस्तीतली असतात ते वेगळे सांगायला नको. कायद्याचे जे पुस्तक आम्ही त्या ग्रंथालयात वर्षभर वाचत होतो, त्याचा खरा प्रश्न मायने एका चहाच्या कपात विचारला होता.

शेवटच्या आठवड्यात आम्ही तिला किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरासमोर नेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत. तेव्हा ते घर खासगी मालकीचे होते. भिंतीवर फक्त फलक होता, आत जाता येत नव्हते. माय फुटपाथवर चपला काढून उभी राहिली. त्रिसरण-पंचशील म्हणाली. मग दाराकडे पाहून म्हणाली, "मायबाप नसतानी एकटाच राह्यला रे इथं." आम्ही आमच्या तोंडाने हजार भाषणांत बाबासाहेबांचे लंडन सांगितले असेल. त्या एका वाक्यात जे होते ते आमच्या एकाही भाषणात नव्हते. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले. स्मारकाच्या वापराला स्थानिक पातळीवर विरोध झाला आणि २०२० मध्ये परवानगीचा प्रश्न सुटला. ग्रेज इननेही २०२१ मध्ये आपल्या एका दालनाला बाबासाहेबांचे नाव दिले. आज जाणाऱ्या आईबापांना फुटपाथवरून परत यावे लागणार नाही, हे समाधान आहे.

हे सगळे सांगायचे कारण आमची माय थोर होती हे नाही. प्रत्येक वस्तीत अशी माय आहे. कारण हे, की परदेशी गेलेला आपला विद्यार्थी आणि त्याचे घर यांच्यात एक दरी पडत जाते. त्याची भाषा बदलते, जेवण बदलते, काळज्या बदलतात. फोनवर 'बरा आहे' याच्या पुढे बोलणे जात नाही. आईबाप एकदा येऊन त्याची खोली, त्याचा बस थांबा, त्याची थंडी पाहून गेले की ती दरी बुजते. आणि विद्यार्थ्यालाही आपण कुणाचे आहोत याचा विसर पडत नाही.

म्हणून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वकील म्हणून आमच्या काही सूचना आहेत. अपील नाही, म्हणून पहिलाच अर्ज पक्का करा. खोटे एक अक्षर लिहू नका. जमीन नसेल तर पेन्शन, नोकरी, घरकुलाची कागदपत्रे, मागे राहणारे कुटुंब यांचे पुरावे जोडा. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम भरून दाखवू नका, ती कुठून आली हे सांगता आले पाहिजे. एप्रिल २०२५ पासून सहा महिन्यांच्या व्हिसाची फी १२७ पौंड झाली आणि अर्ज फेटाळला गेला तर ती परत मिळत नाही. प्रवास विमा न चुकता काढा. तिथल्या सरकारी रुग्णालयात अपघात विभागातली तातडीची मदत पाहुण्याला मोफत असली, तरी दाखल केल्यास इंग्लंडमध्ये ठरलेल्या दराच्या दीडपट बिल आकारले जाते. रक्तदाबाची, साखरेची औषधे पुरेशी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. परीक्षेच्या महिन्यात बोलावू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, आईबापांना गप्प राहायला सांगू नका.

समाजालाही सांगणे आहे. शासनाने विद्यार्थ्यांचा निर्वाहभत्ता वेळेवर द्यावा, ही मागणी आपण सरकारकडेच केली पाहिजे. पण आईबापांचा प्रवास ही सरकारकडे मागायची गोष्ट नाही, ती समाजाने स्वतः करायची गोष्ट आहे. उत्पन्नाचा विसावा भाग समाजासाठी द्या, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. प्रत्येक जिल्ह्यातल्या नोकरदार-वकील-डॉक्टरांनी त्या विसाव्या भागातून वर्षाला एका आईचे किंवा एका बापाचे तिकीट काढले, परदेशात स्थायिक झालेल्या प्रत्येक आंबेडकरी कुटुंबाने आपल्या घरातली एक खोली अशा पाहुण्यासाठी महिनाभर मोकळी ठेवली, तर हे अवघड नाही. आमच्या मायसाठी एका पंजाबी घराने तेवढेच केले होते.

माय परत गेली ती मे महिन्याच्या मध्याला. विमानतळावर तिने उरलेले पापड आमच्या हातात दिले. आत जाण्याआधी वळून, भर गर्दीत, मोठ्याने म्हणाली, "जय भीम, बाबू!" आजूबाजूला आपल्याकडची बरीच माणसे होती. काहींनी वळून पाहिले. या वेळी आम्ही इकडेतिकडे पाहिले नाही. तेवढ्याच मोठ्याने उत्तर दिले.

जय भीम!